बी म्हणजे शिदोरी, पान म्हणजे चूल

कर्वेनगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत. सतत दमते म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ९.८ निघालं. सासूबाईंचं म्हणणं, रोज पालेभाजी पोटात गेली पाहिजे. मुलीचा मामा जिमला जातो. त्याच्या मते पालेभाजी म्हणजे नुसतं पाणी, द्यायचं तर राजमा, छोले, मोड आलेली मटकी द्या. ताई नोकरी करतात, सकाळी डब्याला एकच भाजी होते. त्या विचारतात, ‘दोन्हींत जास्त पौष्टिक काय ते एकदाचं सांगा, म्हणजे तीच करत जाईन.’

ताई, आधी त्या ९.८ बद्दल बोलते, कारण पालेभाजी की कडधान्य हा वाद त्यापुढे लहान आहे. या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. ९.८ म्हणजे मध्यम स्वरूपाचा ॲनिमिया. तो नुसत्या भाजी-उसळीनं भरून निघायला फार वेळ लागतो, आणि तोवर मुलीचा अभ्यास, झोप, पाळी सगळ्यावर ताण येत राहतो. डॉक्टरांना दाखवा. लोहाच्या गोळ्या लागतील, त्या मनात शंका न आणता द्या. जंत, पाळीतला जास्त रक्तस्राव, बी-१२ ची कमतरता, थॅलसेमिया मायनर, यांपैकी काही आहे का तेही डॉक्टर बघतील. आहाराचं काम गोळ्यांच्या जोडीनं सुरू होतं आणि गोळ्या थांबल्यावरही चालू राहतं. ही अडचण एकट्या तुमच्या घरची नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या महिलांपैकी ५४ टक्के महिलांना ॲनिमिया आढळला होता. म्हणजे शहरातल्या बसमध्ये शेजारी बसलेल्या दोघींपैकी एकीला तो असतो.

आता तुमचा प्रश्न. पुण्यात बावीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला आहे. त्याचं उत्तर देताना मी नेहमी हरभऱ्याच्या रोपापासून सुरुवात करते.

थंडीत मंडईत हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी येते. शेंडे खुडलेले, जरा आंबटसर. महिना-दोन महिन्यांनी त्याच पिकाचे घाटे येतात, आपण सोलाणे सोलतो. आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तोच हरभरा वाळून दुकानात पोत्यात दिसतो. रोप एकच. पण कोवळं पान खाल्लं तर एक अन्न मिळतं, वाळलेलं बी खाल्लं तर दुसरंच. असं का?

पान ही झाडाची चूल आहे. तिथे ऊन, पाणी आणि हवा यांचं अन्न होतं, आणि झालं की ते पुढे पाठवलं जातं, साठवलं जात नाही. म्हणून पानात साठा थोडा आणि कामाची अवजारं फार: हरितद्रव्य, कॅरोटीन, क जीवनसत्त्व, के जीवनसत्त्व, फोलेट, मॅग्नेशियम. बी ही शिदोरी आहे. मातीत पडल्यावर, अजून एकही पान फुटलेलं नसताना कोंबानं कशावर जगायचं, त्याची सोय आईझाडानं करून ठेवलेली असते: पिष्ट, प्रथिनं, लोह, जस्त, फॉस्फरस. शिदोरी टिकली पाहिजे म्हणून ती कोरडी असते आणि कुलूप लावलेली असते. या कुलुपाबद्दल पुढे सांगते, कारण तुमच्या मुलीच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

मामा म्हणतो ते ‘नुसतं पाणी’ खोटं नाही. पालकात दर शंभर ग्रॅममागे नव्वद ग्रॅमच्या आसपास पाणीच असतं. पण तो ज्या तक्त्यावरून बोलतो आहे, तो वाचण्यात एक चूक होते आणि ती चांगले शिकलेले लोकही करतात. तक्त्यात कडधान्याचे आकडे कोरड्या, कच्च्या दाण्याचे असतात. शंभर ग्रॅम कोरडी मटकी म्हणजे सुमारे २० ग्रॅम प्रथिनं. पण शंभर ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ एका माणसाला संपेल का? भिजून, मोड येऊन, शिजून ती अडीच पटीच्या घरात जाते. एका जेवणात आपण खातो ती कोरडी धरली तर जेमतेम ३० ग्रॅम, म्हणजे मूठभर. उलट पालेभाजीचे आकडे ओल्या पानाचे असतात, आणि निवडलेली शंभर ग्रॅम मेथी शिजून एवढीशी होते, एक माणूस ती सहज खातो.

म्हणून तुलना करायची ती ताटात पडणाऱ्या वाढपाची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते नव्यानं प्रसिद्ध केले, त्यातले आकडे घेऊन मी हिशेब मांडते. ३० ग्रॅम मटकीतून मिळतात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं, २.४ मिलिग्रॅम लोह, ४६ मिलिग्रॅम कॅल्शियम, साडेचार ग्रॅम फायबर. शंभर ग्रॅम मेथीतून मिळतात ३.७ ग्रॅम प्रथिनं, ५.७ मिलिग्रॅम लोह, २७० च्या वर कॅल्शियम, जवळजवळ पाच ग्रॅम फायबर. आणि शंभर ग्रॅम पालकातून २ ग्रॅम प्रथिनं, ३ मिलिग्रॅमच्या आत लोह, ८० च्या आसपास कॅल्शियम. पाहिलंत? वाढपाला वाढप लावलं की लोहात मेथी मटकीच्या पुढे जाते. प्रथिनांत मटकी पुढेच राहते, पण दहापट वगैरे नाही. आणि लोहासाठी ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी आधी येतं तो पालक मेथीच्या बराच मागे पडतो. माती, वाण, पानांचं वय यांनी हे आकडे पुष्कळ मागेपुढे होतात, तेव्हा दशांशावर भांडू नये. पण दिशा हीच राहते.

याच्या उलटी गफलत मी अलीकडे मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रांत बघते: ‘कॅलरीमागे पाहिलं तर पालकात डाळीपेक्षा जास्त प्रोटीन.’ गणित बरोबर आहे. शंभर कॅलरी भरतील इतका पालक घेतला तर त्यात प्रथिनं डाळीपेक्षा जास्त निघतात. पण शंभर कॅलरींचा पालक म्हणजे चारशे ग्रॅमच्या वर निवडलेली पानं. २० ग्रॅम प्रथिनांसाठी जवळजवळ किलोभर पालक लागेल. तो कोण खाणार?

आता ते कुलूप. बीमध्ये फॉस्फरस ज्या रूपात साठवलेला असतो त्याला फायटेट म्हणतात. हे फायटेट लोह आणि जस्त घट्ट धरून ठेवतं. आपल्या आतड्याला ती पकड सोडवता येत नाही, त्यामुळे उसळीतलं बरंचसं लोह तसंच बाहेर पडतं. शाकाहारी जेवणातलं लोह एकूणच पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास अंगी लागतं. पानातल्या लोहालाही पॉलिफेनॉलसारखे अडथळे असतात, त्यामुळे मेथीच्या त्या ५.७ मिलिग्रॅमचा मोठा भागही हाती येत नाही. म्हणजे ‘कशात लोह जास्त’ हा प्रश्न अर्धाच झाला. ‘कशातलं लोह अंगी लागेल’ हा उरलेला अर्धा, आणि त्याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे.

बीचं कुलूप बी स्वतःच उघडतं. पाणी मिळालं की त्याला वाटतं पाऊस पडला, रुजायची वेळ झाली. मग फायटेट फोडणारं विकर (एन्झाइम) जागं होतं आणि कोंबासाठी शिदोरी मोकळी व्हायला लागते. आपल्या आज्या मटकी रात्रभर भिजवून फडक्यात बांधून ठेवायच्या, त्या नेमकं हेच घडवून आणत होत्या. मोड येताना आणखी एक गोष्ट होते. कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व मोडांबरोबर तयार व्हायला लागतं. मोड आलेल्या मुगात ते दर शंभर ग्रॅमला दहा-पंधरा मिलिग्रॅमपर्यंत जातं. मोड आलेलं कडधान्य म्हणजे पानाकडे निघालेलं बी. सासूबाई आणि मामा यांच्यातल्या वादात ते बरोबर मधे उभं आहे.

दुसरी किल्ली क जीवनसत्त्वाची. ते त्याच घासाबरोबर पोटात असेल तर वनस्पतीतलं लोह शोषून घ्यायला सोपं जातं. म्हणून उसळीवर लिंबू, वर कच्ची कोथिंबीर. डब्यात लिंबाची फोड द्या आणि मुलीला सांगा, खातानाच पिळायची. शिजताना घातलं तर बरंचसं वाया जातं. पेरूचे दिवस असले की जेवणानंतर अर्धा पेरू द्या. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं, लिंबापेक्षा कितीतरी जास्त. आवळा तर त्याच्याही पुढे.

आणि चहा. चहातले टॅनिन लोहाला बांधतात. जेवणाबरोबर चहा घेतला तर लोहाचं शोषण निम्म्याहून जास्त घटलेलं चाचण्यांत दिसलं आहे. पुण्यात रविवारी सकाळी मिसळ खाऊन लगेच चहा, हा क्रम मोडा असं मी सगळ्यांना कळकळीनं सांगते. मोड आलेली मटकी, वर लिंबू, कच्चा कांदा, कोथिंबीर. फरसाण आणि तर्रीचं तेल बेतानं घेतलं तर मिसळीची मांडणी लोहाच्या दृष्टीनं फार चांगली आहे. त्यावर पाच मिनिटांत चहा ओतला की केलेलं पाण्यात जातं. तास-दीड तास थांबा. तुमची मुलगी क्लासहून आल्यावर पोळी-भाजीबरोबर कॉफी घेत असेल तर तिथेही हेच.

प्रथिनांचं थोडक्यात. ज्यातून रोजची गरज भागवायची ते कडधान्यच. मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) सांगते. पंचावन्न किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम. तुमच्या वाढत्या मुलीलाही निदान तेवढी हवीतच. पालेभाजी त्यात दोन-तीन ग्रॅमची भर घालते, ती भर मोजू नका. कडधान्यात लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर आणि मेथिओनिन कमी, तर ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांत बरोबर उलट. भाकरी आणि उसळ एका दिवसात पोटात गेली की हिशेब पुरा होतो. एकाच घासात गेलं पाहिजे असंही नाही.

कॅल्शियमवर मात्र मला जरा थांबायचं आहे, कारण इथे पालेभाज्यांमध्ये आपापसातच मोठा फरक आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. पालकात ऑक्झलेट खूप. ते कॅल्शियमला असं धरतं की पालकातलं जेमतेम पाच टक्के कॅल्शियम अंगी लागतं. दुधातलं तीस टक्क्यांच्या आसपास लागतं. माठ, राजगिरा, चाकवत, चुका, अळू हीसुद्धा जास्त ऑक्झलेटवाली मंडळी. मेथी, शेवग्याचा पाला, मुळ्याचा पाला यांत ते पालकाच्या मानानं बरंच कमी. शेवग्याच्या शंभर ग्रॅम पाल्यात तीनशेच्या वर मिलिग्रॅम कॅल्शियम, सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि शंभराच्या आसपास क जीवनसत्त्व असतं. पालेभाज्यांत इतकं भरलेलं दुसरं पान मला आठवत नाही. आणि आपल्या सोसायट्यांच्या कुंपणापाशी शेवगा उभा असतो, शेंगा तोडतात, पाला झाडून टाकतात. मला फार वाईट वाटतं ते बघून. कोवळा पाला ओरबाडून घ्या, मूगडाळ भिजवून त्यात टाका, लसणाची फोडणी द्या. मुलीला ही भाजी एकदा आवडली की तुमचं काम खूप हलकं होईल.

‘पालक-पनीर एकत्र खाऊ नये, कॅल्शियममुळे लोह मिळत नाही’ हेही तुमच्या कानावर आलं असेल. कॅल्शियमनं लोहाचं शोषण त्या जेवणापुरतं थोडं कमी होतं हे खरं. पण पालकात मुळात लोह किती, ते वर पाहिलंच. आणि पनीर, ताक, दही यांतलं कॅल्शियम पालकाच्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतं, ते रक्तात आणि पुढे मूत्रपिंडात कमी जातं. आपल्याकडे पालक-चाकवताची पातळ भाजी ताकातलीच करतात. ती खुशाल करा. लोहाच्या गोळीची वेळ तेवढी दूध-ताकापासून लांब ठेवा.

काही गोष्टी अशा आहेत की त्या कडधान्य कितीही खाल्लं तरी मिळत नाहीत. बीटा-कॅरोटीन, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं, ते पानांत भरपूर आणि कोरड्या कडधान्यात नगण्य. ते तेलात विरघळतं, म्हणून उकडून मीठ लावलेल्या पाल्यापेक्षा चमचाभर तेलाच्या फोडणीची भाजी बरी. के जीवनसत्त्वाचंही तसंच.

फोलेट मात्र दोन्हींत आहे, आणि त्याची गोष्ट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक वेगळाच ॲनिमिया दिसत होता, तांबड्या पेशी आकारानं मोठ्या पण संख्येनं कमी. विल्सबाईंनी त्यांच्या राहणीचा आणि खाण्याचा अभ्यास केला आणि यीस्टचा अर्क देऊन तो बरा होतो हे दाखवलं. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कात नेमकं काय होतं ते दहा वर्षांनी कळलं. १९४१ साली अमेरिकेत चार टन पालकातून तो पदार्थ वेगळा काढला गेला आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फोलिक ॲसिड म्हटलं. रक्त म्हणजे फक्त लोह नव्हे, हे या गोष्टीवरून मी मुलींना समजावते. शाळांमध्ये आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत लोहाबरोबर फोलिक ॲसिड असतं ते यासाठीच. तुमच्या मुलीला कॉलेजमध्ये ती मिळत असेल तर टाकून देत नाही ना, ते विचारा. बऱ्याच मुली मळमळ होते म्हणून टाकतात. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्यायला सांगा.

राजमा, चणे, चवळी यांत फोलेट पालकाच्या तोडीचं किंवा जास्तच असतं, पण ते पाण्यात विरघळतं आणि उष्णतेनं कमी होतं. भाजी धुवून मग चिरा, चिरून धुवू नका. शिजवलेलं पाणी ओतू नका. त्या पाण्याचं कट किंवा सार करा, नाही तर कणीक त्यात भिजवा.

आता एक गोंधळ दूर करते. मामा ‘बीन्स खा’ म्हणतो तेव्हा अनेक घरांत फरसबीची भाजी होते. फरसबी म्हणजेच श्रावणघेवडा, आणि गवार, या कोवळ्या शेंगा आहेत, आत बी भरायच्या आधी तोडलेल्या. त्यांत प्रथिनं शंभर ग्रॅमला अडीच ते साडेतीन ग्रॅम, म्हणजे पालेभाजीइतकीच. त्या भाज्या म्हणून चांगल्याच, पण उसळीची जागा घेऊ शकत नाहीत. ज्या वेलावरून कोवळा घेवडा येतो त्याच जातीचं वाळलेलं बी म्हणजे राजमा. त्यासाठी उत्तरेकडचा महाग राजमाच हवा असंही नाही. साताऱ्याच्या कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा त्याच कुळातला, भौगोलिक मानांकन मिळालेला, आणि आमटीला चवीचा. पोपटी पावटा, वालाचे दाणे हे ओले असले तरी भरलेले दाणे आहेत, ते कडधान्याच्या बाजूला धरा.

राजम्याबाबत एक इशारा. कच्च्या किंवा अर्धकच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं एक प्रथिन असतं, त्यानं जोरदार उलट्या-जुलाब होऊ शकतात. रात्रभर भिजवा, ते पाणी टाका, ताज्या पाण्यात कुकरला पूर्ण मऊ शिजवा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात थेट घालू नका, तेवढी उष्णता त्याला पुरत नाही. आणि मोड आणून कच्चा तर कधीच खाऊ नका. कच्चे मोड खायचे तर मुगाचे, तेही घरचे, स्वच्छ. मुलीला मी पावसाळ्यात तेही वाफवूनच देईन.

पोटात गॅस धरतो ही तक्रार असते. कडधान्यातल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जीवाणू त्या आंबवतात, त्याचा तो गॅस. भिजवलेलं पाणी टाकल्यानं आणि मोड आणल्यानं त्या कमी होतात. सवय नसलेल्या घरानं पहिले पंधरा दिवस मूग आणि मसूर, मग मटकी आणि चवळी, शेवटी छोले-राजमा असं चढत जावं.

पालकाचा रस देऊ का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. देऊ नका. हिंजवडीला काम करणारा एक तरुण माझ्याकडे आला होता. सहा महिने रोज सकाळी दोन मोठे ग्लास कच्च्या पालकाचा रस, आणि मग कमरेत असह्य कळ. मूतखडा निघाला, आणि तो ऑक्झलेटचा होता. पूर्वी एकदा खडा होऊन गेलेला, पाणी कमी प्यायची सवय, त्यात हे ऑक्झलेट. शिजवलेली वाटीभर भाजी जेवणात खाणं वेगळं आणि जुडीच्या जुड्या पिळून पिणं वेगळं. घरात कुणाला खड्याचा त्रास असेल तर त्याला मेथी-शेवगा द्या, पालक-अळू-राजगिरा क्वचित. आजोबा रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी घेत असतील तर पालेभाजी बंद करू नका, पण दर आठवड्याला सारख्याच प्रमाणात ठेवा. एकदम वाढवली तर के जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम बदलतो. आणि मूत्रपिंडाचं काम मंदावल्यामुळे रक्तात क्रिएटिनिन वाढलेल्या माणसाला पाला आणि कडधान्य दोन्ही पोटॅशियम बघून, डॉक्टरांच्या सल्ल्यानंच.

आता तुमची खरी अडचण: सकाळी एकच भाजी होते. ताई, आपल्याकडच्या पालेभाज्या आठवून बघा, त्या एकेकट्या फारशा नसतातच. डाळमेथी. मूगडाळ घातलेला शेपू. पीठ पेरून केलेली कांद्याची पात. अंबाडीला तूरडाळ. लग्नाच्या पंगतीतलं अळूचं फतफतं घ्या: अळू, त्याच्या जोडीला चुका, आत हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे, चिंच-गूळ, तेलाची फोडणी. शेंगदाणाही शेंगेतलंच बी. पान, बी, आंबट, तेल एका वाटीत. हे पुण्यातल्या घरांना शिकवायला माझी गरज नाही. पण धावपळीत आपण डाळ कमी करत करत पालेभाजी कोरडी केली, आणि उसळीतून पाला काढून टाकला.

तर सकाळी एकच भाजी करा, पण दोन्ही घालून. चार माणसांसाठी एक मोठी जुडी निवडून साधारण तीन-चारशे ग्रॅम पाला, आणि त्यात शंभर-सव्वाशे ग्रॅम कोरडी डाळ, किंवा तेवढंच कोरडं कडधान्य मोड आणून. मोड आलेल्या मुगात मेथी, छोल्यांत पालक, चवळीच्या दाण्यांबरोबर चवळीचाच पाला, मसुरीच्या आमटीत मूठभर शेवगा. राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला दिवसाला शंभर ग्रॅम पाला आणि सुमारे ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं असा आहे. सकाळी अशी भाजी आणि रात्री वाटीभर घट्ट वरण झालं की त्याच्या जवळ पोहोचता येतं. लोखंडी कढई असेल तर बाहेर काढा. चिंच-आमसुलाचा पदार्थ तीत शिजवला की थोडं लोह कढईतूनही उतरतं. रंग काळपट येतो, मुलीला आधी सांगून ठेवा. शिजल्यावर भाजी दुसऱ्या भांड्यात काढा.

निवडायला वेळ नाही हे मला पूर्ण मान्य आहे. शनिवारी-रविवारी दोन जुड्या सगळ्यांनी मिळून निवडा, मामा आला असेल तर त्यालाही बसवा. न धुता, फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतात. मटकी, मूग एकदम भिजवून मोड आणून डब्यात ठेवले तर तेवढेच दिवस टिकतात. आठवड्याच्या शेवटी पाला संपला की कोबी-मुळ्याचा पाला किंवा नुसती भरपूर कोथिंबीर चालेल. पावसाळ्यात मुळशी-वेल्ह्याकडच्या बायका टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन येतात, त्या जरूर घ्या, आणि डाळ घालून कशी करायची ते त्यांनाच विचारा. पाला वाहत्या पाण्याखाली तीन-चार वेळा धुवा, चिखल राहतो.

एक गोष्ट या दोन्हींतही नाही: बी-१२. ते पालेभाजीतही नाही आणि कडधान्यातही नाही. तुमचं घर पूर्ण शाकाहारी असेल आणि दूध-दही बेताचंच असेल, तर मुलीच्या पुढच्या तपासणीत हिमोग्लोबिनच्या जोडीनं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि बी-१२ दोन्ही करायला डॉक्टरांना सांगा. तीन महिन्यांनी आकडे आले की मला कळवा. गोळ्यांमुळे हिमोग्लोबिन १२ च्या वर गेलेलं असेल, पण फेरिटिन अजून तळाला असेल तर गोळ्या लगेच थांबवायच्या नाहीत. साठा भरायला त्यापुढेही काही महिने लागतात.